डमी उमेदवाराचं जेवण

आमच्या ह्यांना लोक स्टेपनी म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण कसबा पेठेत पाठीमागे बोललेलं तोंडावर यायला फार वेळ लागत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं ते मंडईतून येताना. एकाने दुसऱ्याला सांगितलं, "ती बघ, स्टेपनीची बायको." मी मागे वळून त्या माणसाला त्याच्या वडिलांचं नाव विचारलं. तो अजून मला बघून रस्ता बदलतो.

आता ही स्टेपनी म्हणजे काय ते सांगते. निवडणुकीत पक्षाचा उमेदवार अर्ज भरतो, त्याच्याबरोबर पक्षाचा आणखी एक माणूस अर्ज भरून ठेवतो. छाननीत मुख्य उमेदवाराच्या अर्जात काही खोट निघून तो बाद झालाच, तर पक्षाची जागा रिकामी राहू नये म्हणून. कागदावर त्याला पर्यायी उमेदवार म्हणतात, पक्षात डमी म्हणतात आणि कट्ट्यावर स्टेपनी. आमचे रावसाहेब चार वेळा आमदार झाले. चारही वेळा त्यांचा डमी होता श्रीधर पानसे, म्हणजे माझा नवरा. रावसाहेबांची गाडी कधी पंक्चर झाली नाही.

अर्ज भरायच्या दिवशी रावसाहेब ढोल-ताशांच्या गजरात उघड्या जीपमधून निघत. हे मागून रिक्षाने जात, मांडीवर फाईल घेऊन, मी इस्त्री केलेला शर्ट घालून. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो यायचा. एका वर्षी फोटोच्या कडेला ह्यांचा कोपर आला होता. मी तो कोपर ओळखला, आणि शेजारच्या बाईंनी विचारलं तर हो म्हणाले, आमचाच आहे. छाननी झाली की रावसाहेबांचा अर्ज मंजूर, ह्यांचा निकालात. घरी येऊन म्हणायचे, "झालं एकदाचं." मी विचारायची, काय झालं. त्यावर ते ताक मागायचे.

ह्यांचं रबरी शिक्क्यांचं दुकान आहे, देवळाच्या ट्रस्टच्या जागेत. सासरे लवकर गेले, तेव्हापासून दुकान ह्यांच्याकडे. वीतभर फळी, शिक्क्यांचं यंत्र, दोन स्टुलं आणि एक पंखा. माणूस कसा आहे हे कळायला त्या दुकानाचं दार बघावं. शेजारचा बाइंडर रोज आपली स्कूटर ह्यांच्या दारात लावतो. गेली कित्येक वर्षं आमचे हे स्वतःच्या दुकानात आडवे होऊन शिरतात. मी एकदा म्हटलं, त्याला सांगा की. तर म्हणाले, "सांगतो." नाही हा शब्द ह्यांच्या तोंडात देवाने घालायचा राहिलाच. गणेश मंडळ, सहकारी पतसंस्था, वाचनालय, सगळीकडे हे खजिनदार, कारण दुसरं कोणी तयार होत नाही आणि ह्यांना नाही म्हणता येत नाही. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. दिवसभर पोरांना नाही म्हणायचाच मला पगार मिळायचा. देवाने जोडी जमवताना हिशेब बघितला असावा.

रावसाहेब आणि हे एका बाकावरचे. पहिल्या निवडणुकीचं ऑफिस म्हणजे आमच्या दुकानाची ती फळीच होती. चौथ्यांदा निवडून आले त्या संध्याकाळी रावसाहेब आमच्याकडे जेवायला होते. हात धुताना सगळ्यांसमोर म्हणाले, "श्रीधर, मी थांबलो की तू. लिहून घे." ह्यांनी अर्थातच लिहून घेतलं नाही. पण मी ऐकलं होतं, आणि माझ्या कानांवर माझा विश्वास आहे.

मग रावसाहेबांची बायपास झाली. त्या वर्षीच्या गणपतीत मंडळाच्या स्टेजवरून त्यांनी जाहीर केलं, आता उभा राहणार नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून फुलवाल्या गोदाबाईंपर्यंत सगळे ह्यांचं अभिनंदन करायला लागले. हे नुसते हसायचे. कपाट आवरताना मला दोन नवे झब्बे सापडले, पिशवीत तसेच. ह्यांनी मला न सांगता खरेदी करण्याची लग्नानंतरची ही पहिली वेळ. मी झब्बे होते तिथे ठेवले आणि गप्प राहिले. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला होता.

पक्षाची यादी आली तेव्हा त्यात नाव होतं सलिलचं. सलिल म्हणजे रावसाहेबांचा मुलगा. पोरगा वाईट नाही. त्याची आई सतत आजारी असायची, तेव्हा शाळेतून तो आमच्याकडेच यायचा, आमच्या सौमित्रबरोबर जेवायचा. ह्यांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून शाळेत जायचा. पण पुढे तो बंगलोरला गेला, आणि इथल्या कुठल्या गल्लीत पाणी येत नाही हे त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. तो पेढे घेऊन आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, काका, डमी तुम्हीच भरायचा, बाबा म्हणतात दुसरं कोणी नको.

हे "हो" म्हणाले.

मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, निदान ह्या वेळी तरी दुसऱ्या कोणाला तरी मान द्या. हे म्हणाले, अगं, पोरगा मागत होता. आणि रिक्षाने, मांडीवर फाईल घेऊन, गेले अर्ज भरायला.

छाननीच्या दिवशी मात्र ह्यांच्या आधी राकेशचा फोन आला. राकेश म्हणजे पक्षाच्या युवा आघाडीचा, सलिलची गाडी आणि मोबाईल दोन्ही सांभाळणारा. "काकू, काकांनी काय केलंय हे? इकडे सगळे शॉक आहेत," तो म्हणाला. काय केलं ते मला त्याच्याकडूनच कळलं. पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एकच सूचक लागतो, म्हणजे त्याचं नाव सुचवणारा एक मतदार. डमीलाही एकच. मुख्य अर्ज मंजूर झाला की डमीचा आपोआप पडतो. पण सूचक दहा असले, तर तो अर्ज पक्षाशिवाय स्वतःच्या पायावर उभा राहतो, अपक्ष म्हणून. ह्यांनी दहा सह्या घेतल्या होत्या. गोदाबाईंची होती, स्कूटरवाल्या बाइंडरची होती, वाचनालयाच्या शिपायाची होती. निवडणूक अधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं म्हणे, श्रीधर पानसे, अपक्ष, अर्ज वैध. त्यावर सलिलच्या वकिलाने हातातलं पेनच खाली ठेवलं.

हे घरी आले, चप्पल काढली, खुर्चीत बसले. मी विचारलं, का. त्यांनी आधी ताक मागितलं. मग म्हणाले, "एकदा त्या मतदानाच्या यंत्रावर नाव यावं असं वाटलं."

त्यांचा आवाज इतका हळू होता की मला दुसरं काही विचारवेना. पण विचारलंच. दहा जणांच्या सह्या घेतल्यात, पेठभर हिंडलात, घरात मतदार असून माझी का नाही घेतलीत? ते म्हणाले, तू चिडशील असं वाटलं. मला अभिमान वाटला आणि लागलंही. दोन्ही एकदम.

छाननी आणि माघार ह्यांच्यामध्ये त्या वर्षी दिवाळी आली. अशी दिवाळी शत्रूच्या घरी येऊ नये. रावसाहेब रिंगणात नसल्यामुळे जागा खुली होती, समोरचा उमेदवार तगडा होता, आणि पेठेतली आमच्या ह्यांना पडणारी दोन-चारशे मतंसुद्धा सलिलला महागात पडणार होती. ज्यांनी कधी दुकानाची पायरी चढली नाही ते पक्षाचे लोक फराळाला यायला लागले. समोरच्या पक्षाचे लोक गल्लीत ह्यांना नमस्कार करायला लागले, ते तर आणखी वाईट. चौकात फटाका वाजला तरी मी दचकायची. देवळाच्या ट्रस्टमधले एक गृहस्थ अनारसे खाता खाता म्हणाले की दुकानाचा भाडेकरार मार्चमध्ये संपतोय नाही का, ट्रस्टला त्या जागेचा वेगळा विचार करावा लागेल. अनारसे चांगले झालेत असंही म्हणाले. सौमित्र कोथरूडहून रोज फोन करायचा. त्याच्या ऑफिसात कोणीतरी त्याला ह्यांची बातमी दाखवली होती. आई, बाबांना समजाव, फार एम्बॅरसिंग होतंय, असं त्याचं म्हणणं.

हे सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे: "बघतो."

रात्री झोप नाही, जेवण चिमणीएवढं. भाऊबीजेला माझा भाऊ आला, तोही त्याच विषयावर. आणि मी घाबरले. चार निवडणुका मी ह्यांना टोमणे मारले होते, आता खरंच उभे राहिले तर मलाच नको झालं. दुकान गेलं तर हा माणूस दिवसभर कुठे बसेल हेच मला दिसेना. त्या संध्याकाळी मीच म्हटलं, अहो, जाऊ दे, घ्या मागे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मलाही म्हणाले, "बघतो."

दुसऱ्या दिवशी सोमवार. माघारीची शेवटची मुदत दुपारी तीन. सकाळभर हे दुकानात गेले नाहीत, पेपर उघडून एकाच पानावर बसून होते. बाराच्या सुमाराला जिन्यात धाप लागल्याचा आवाज आला. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडलं तर रावसाहेब, बायपास झालेला माणूस, कठड्याला धरून उभे. मागे राकेश पाण्याची बाटली घेऊन.

मी खुर्ची पुढे केली. ते बसले, श्वास घेतला, पाणी प्यायले. मला वाटलं आता समजावणं सुरू होईल, पक्ष, निष्ठा, सगळं. तसं काही झालं नाही. ते एवढंच म्हणाले, "श्रीधर, माझं चुकलं असेल. पण पोरगं पडेल रे."

ह्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ज्या माणसाला स्कूटरवाल्याला नाही म्हणता आलं नाही, तो रावसाहेबांना काय म्हणणार. हे म्हणाले, "येतो. जेवून घेतो आणि येतो."

रावसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. राकेशला सांगितलं, गाडी इथेच ठेव, काकांना नीट घेऊन ये. स्वतः दुसऱ्या गाडीने गेले. राकेश आमच्या कोचावर बसला. मी स्वयंपाकघरात गेले आणि पानं घेतली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचा रागही आला.

हे जेवायला बसले. वरणभात, बटाट्याची भाजी, पोळ्या, कोशिंबीर. त्यांचं जेवण ठरलेलं असतं: थोडा वरणभात, दोन पोळ्या, शेवटी ताकभात. वीस मिनिटांत उठतात. आज वरणभात संपवायलाच बराच वेळ लावला. एकेक घास चावून चावून. मग दोन पोळ्या खाल्ल्या. मी ताकाचं भांडं पुढे सरकवलं. त्यांनी ते बाजूला केलं.

"अजून एक पोळी वाढ," म्हणाले.

लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी ह्या माणसाला तिसरी पोळी मागताना बघितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पानाकडे बघत होते. डब्यात एकच पोळी उरली होती, माझी. ती वाढली. मग मी परात घेतली आणि पुन्हा कणीक भिजवायला बसले.

कणीक मुरायला लागते. मी ती मुरू दिली. राकेश दोनदा दारात येऊन घड्याळ बघून गेला. "काका, ट्रॅफिक पण आहे हां," तो म्हणाला. हे म्हणाले, जेवतोय. त्याने खाली जाऊन रावसाहेबांना फोन केला असणार, कारण वर येऊन जरा ओशाळून म्हणाला, साहेब म्हणतात, जेवू द्या त्यांना नीट. रावसाहेबांना वाटलं होतं, श्रीधर येतो म्हणाला म्हणजे येतो. इतक्या वर्षांत त्याला अपवाद झाला नव्हता.

मी पोळी लाटली, घडी घातली, परत लाटली, भाजली, तूप लावलं, पानात वाढली. ते खात होते. भूक नव्हती हे मला दिसत होतं. प्रत्येक घास पाण्याबरोबर उतरत होता. कपाळावर घाम आला होता. मी लाटलेली पुढची पोळी आफ्रिकेच्या नकाशासारखी झाली. तीही वाढली.

दोन वाजून गेल्यावर जिन्यावर धावत येणारी पावलं वाजली. सलिल आला. बुटासकट आत. पांढरा झब्बा घामाने पाठीला चिकटलेला. पानाकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं.

"काका, प्लीज. आता निघालो नाही तर पोचणार नाही."

हे चावत होते. घास संपेपर्यंत बोलायचं नाही ही त्यांची सवय, ती त्यांनी पाळली. सलिलने खिशातून कागद काढला. म्हणाला, बरं, येऊ नका, इथे नुसती सही करा, तुमच्या सूचकाला गाडीत बसवून मी नेतो, चालतं तसं, मी विचारलंय. त्याने पेनचं टोपण काढून पेन ह्यांच्यापुढे धरलं.

ह्यांनी उजवा हात वर करून दाखवला. भाजी, तूप, वरण लागलेला. "हात उष्टा आहे रे," म्हणाले.

"धुवा ना मग."

"जेवण झालं की धुतो."

सलिल माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते, हे मी खोटं सांगणार नाही. लहानपणी पडला-झडला की माझ्याकडेच यायचा. "काकू, तुम्ही तरी सांगा." कालपर्यंत मी तेच सांगत होते. तव्यावर पोळी होती. ती मी उलटली.

"सलिल, पानावरून माणसाला उठवायचं नसतं," मी म्हटलं. "ह्या घरात तुला कधी कोणी उठवलं का? बस, तुझंही पान घेते."

तो बसला नाही. राकेश पुढे झाला, म्हणाला, "काका, बस झालं आता, चला," आणि त्याने ह्यांच्या खुर्चीच्या पाठीला हात लावला. सलिलनेच त्याचा हात मागे ओढला. मग सलिल हळू म्हणाला, "काका, तुम्ही मला पाडताय." आणि दोघं जिना उतरून गेले. खाली गाडीची दारं आपटली.

घड्याळात तीन वाजले तेव्हा ह्यांच्या पानात अर्धी पोळी होती. ती त्यांनी खाल्ली नाही. हात पानातच ठेवून बसून राहिले, हात वाळला तरी. फोन वाजत राहिला, आम्ही घेतला नाही. किती पोळ्या झाल्या ते मी मोजलं नव्हतं, पण संध्याकाळी त्यांचं पोट असं बिघडलं की ओवा आणि गरम पाणी देत मी त्यांच्या उशाशी बसून होते. "रावसाहेब परत नाही यायचे आपल्याकडे," ते एकदा म्हणाले. मी म्हटलं, नाही यायचे. आणि ते आलेही नाहीत.

ह्यांना चिन्ह मिळालं इस्त्री. प्रचार केला नाही. मी म्हटलं, निदान आपल्या गल्लीत तरी फिरा, तर म्हणाले, लोकांना कशाला त्रास. ट्रस्टने करार वाढवला नाही, शिक्क्यांचं यंत्र आता आमच्या बाल्कनीत आहे. निकाल सगळ्यांनी पेपरात वाचलाच आहे, तेव्हा सांगून टाकते की सलिल निवडून आला. ह्यांची अनामत गेली. किती मतं पडली ते मी सांगणार नाही, कोणाला हवं असेल त्याने शोधावं.

मला सांगायचं आहे ते मतदानाच्या दिवसाचं. आमचं केंद्र शाळेत, बायकांची रांग वेगळी. आत गेले, बोटाला शाई लावली, पुठ्ठ्यामागे उभी राहिले. यंत्रावर खालून दुसरं नाव: श्रीधर पानसे. शेजारी फोटो, पुढे इस्त्री. पासपोर्टचा फोटो दिला होता त्यांनी, त्यात ते कोणाला तरी माफ करा म्हणत असल्यासारखे दिसतात. मी बटण दाबलं. दाबल्यावरही तिथेच उभी राहिले, तेव्हा आतल्या बाईंनी म्हटलं, झालं असेल तर पुढे व्हा.

हे फाटकापाशी थांबले होते. आम्ही चालायला लागलो. थोडं गेल्यावर म्हणाले, "मी सलिलला दिलं."

मी रस्त्यातच उभी राहिले. "स्वतःला नाही दिलंत?"

"पोराला एका मताने कमी पडलं असतं तर? आणि नाव तर बघायला मिळालं की. बराच वेळ बघितलं मी."

माझ्या तोंडावर पुष्कळ काही आलं होतं. एवढा सगळा खटाटोप, दुकान गेलं, मैत्री गेली, आणि हा माणूस आत जाऊन दुसऱ्याचं बटण दाबून आला. मी बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, जरा चाचरत, "तू कोणाला दिलंस?"

"कोणाला म्हणजे? तुम्हाला."

ते माझ्याकडे बघत राहिले. "खरंच?"

थट्टा नव्हती ती. त्यांना खरंच माहीत नव्हतं. चार वेळा टोमणे मारणारी बायको पाचव्यांदा आपल्याला मत देईल, हे त्या माणसाने धरलंच नव्हतं. म्हणूनच दहा सह्यांत माझी नव्हती.

"खरंच दिलं हो," मी म्हटलं, आणि भर रस्त्यात मला रडू आलं. हे खिशात रुमाल शोधायला लागले.